वित्तव्यवहारातील नीती आणि वाणिज्य शिक्षण : मुंबईच्या अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. समाजातील अब्रू हा एक अर्थ आणि उधारी मिळण्याची योग्यता हा दुसरा. पेढी, हुंडी आणि ठेव यांवर चालणाऱ्या जुन्या व्यवहारात हे दोन अर्थ फारसे वेगळे काढता येत नसत. ज्याची अब्रू गेली त्याची हुंडी स्वीकारण्यास कोणी तयार होत नसे. आधुनिक बँका, भागभांडवली कंपन्या आणि शेअर बाजार आल्यानंतर पत ही ताळेबंद, तारण आणि लेखापरीक्षकाची सही यांवरून ठरू लागली. व्यवहाराचा व्याप वाढण्यासाठी हा बदल आवश्यकच होता. तथापि त्यामुळे अब्रूचा, म्हणजेच नीतीचा प्रश्न सुटला नाही. तो कागदपत्रांच्या आड गेला.

वित्तव्यवहाराचे शिक्षण घेऊन दरवर्षी हजारो पदवीधर बँका, पतसंस्था, विमा कंपन्या आणि लेखापरीक्षकांच्या कार्यालयांत प्रवेश करतात. कागदाच्या आड गेलेला हा प्रश्न ओळखण्याचे शिक्षण त्यांना मिळते काय, हा विद्यापीठांपुढील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मुंबईशी निगडित असलेल्या काही आर्थिक घटनांचा मागोवा घेऊन त्या प्रश्नाचा विचार केला आहे. प्रत्येक घोटाळ्यानंतर कायद्यात कोणती भर पडली आणि वाणिज्याच्या वर्गात कोणती भर पडली, यांची तुलना करणे हा या लेखाचा मुख्य हेतू होय.

शेअरचा ज्वर आणि विद्यापीठाचा मनोरा

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) दक्षिणेकडील राज्यांतून लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा खुंटला. मुंबईतून निर्यात होणाऱ्या कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला आणि शहरात पैशाचा पूर आला. हा पैसा नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या कंपन्या यांच्या शेअरांमध्ये गुंतविला गेला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरची किंमत भरणा झालेल्या रकमेच्या अनेक पटींनी वाढली. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपुष्टात आल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायदेपूर्तीच्या दिवशी मुंबईच्या बाजाराचे दिवाळे वाजले. या काळाचे साक्षीदार असलेले दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाचा तपशीलवार इतिहास नोंदविला आहे.

या घटनेतील सर्वांत उद्बोधक भाग बँक ऑफ बॉम्बेचा आहे. १८४० मध्ये स्थापन झालेली ही इलाख्याची बँक होती. तिच्या भागभांडवलात सरकारचा वाटा होता आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी होते. कोणत्या तारणावर कर्ज द्यावे याविषयी पूर्वी तिच्यावर कडक बंधने होती. १८६३ च्या कायद्याने ती शिथिल झाली. त्यानंतर बँकेने शेअरांच्या तारणावर, आणि काही वेळा पुरेशा तारणाविनाही, मोठाली कर्जे दिली. त्या काळातील सर्वांत मोठे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांचा बँकेच्या कर्जवाटपावर असलेला प्रभावही पुढे चौकशीत उघड झाला. १८६८ मध्ये ही बँक बंद करून त्याच वर्षी नव्या भांडवलावर नवी बँक स्थापन करावी लागली.

शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास १८६३ च्या कायद्याने मुभा दिलेली होती, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ठेवीदारांचा पैसा सट्ट्याच्या तारणावर द्यावा काय, हा प्रश्न कायद्याने संचालकांच्या आणि सचिवाच्या विवेकावर सोपविला होता. नेमक्या त्याच ठिकाणी विवेक अपुरा पडला. कायदा जेथे मोकळीक देतो तेथे नीतीचे काम सुरू होते, हा या प्रकरणाचा पहिला धडा म्हणता येईल.

या इतिहासाचा विद्यापीठाशी असलेला संबंध दूरचा नाही. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये, म्हणजे तेजीच्या ऐन भरात, मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. देणगी देताना दात्याच्या मनात विद्येविषयी आदर होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दिवाळे निघाल्यानंतरही त्यांनी नव्याने व्यवसाय उभा केला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ज्या वास्तूच्या छायेत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकले, ती सट्ट्याच्या तेजीतील पैशातून उभी राहिली ही वस्तुस्थिती आहे. वित्तीय नीतीची चर्चा करताना विद्यापीठाला बाहेरच्या परीक्षकाची भूमिका घेता येत नाही, हे या वास्तूमुळे ध्यानात येते.

वाणिज्य महाविद्यालयाची स्थापना आणि १९१३ चे बँक संकट

आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे सिडनहॅम महाविद्यालय मुंबईत १९१३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक या बुडाल्या. स्वदेशी चळवळीच्या उत्साहात अनेक भारतीय बँका निघाल्या होत्या आणि १९१३ पासूनच्या काही वर्षांत त्यांतील बऱ्याच नामशेष झाल्या. इंडियन स्पेसी बँकेच्या पतनामागे चांदीतील सट्टा होता. अपुरे भांडवल, अननुभवी संचालक आणि काही ठिकाणी सरळ अप्रामाणिकपणा ही या पडझडीची कारणे होती.

वाणिज्य शिक्षणाच्या आरंभीच्या स्वरूपात हिशेबशास्त्र, बँकव्यवहार, व्यापारी कायदा आणि अर्थशास्त्र या विषयांना प्राधान्य होते. परकीय अंमलाखालील देशात भारतीय तरुणांना आधुनिक व्यापाराचे तंत्र शिकविणे ही त्या काळाची निकड होती. नीती ही घर, धर्म आणि जातपेढीची परंपरा यांतून आपोआप येते, असे त्या वेळी गृहीत धरले गेले असावे. हे गृहीतक पुढील शतकभर फारसे तपासले गेले नाही.

याच महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाकडे सामान्यतः चलनशास्त्राचा ग्रंथ म्हणून पाहिले जाते. परंतु चलनाचे मूल्य घसरल्यावर त्याचा लाभ कोणाला होतो आणि भार कोणावर पडतो, हा प्रश्न त्यात सातत्याने येतो. भाववाढीच्या मागे मजुरी रेंगाळते आणि श्रमिकाचे नुकसान होते, हे त्यांनी दाखविले. चलन निर्माण करणाऱ्याच्या मर्जीवर बंधन असावे, हा त्यांचा आग्रह याच विचारातून आला. तांत्रिक प्रश्नाच्या मुळाशी असलेला न्यायाचा प्रश्न वर्गात कसा मांडावा, याचा हा नमुना वाणिज्य विद्याशाखेच्या स्वतःच्याच परंपरेत उपलब्ध आहे.

मुंदडा प्रकरण : वरिष्ठांची सूचना आणि कनिष्ठांचे मौन

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. मुंबईत मुख्यालय असलेल्या या संस्थेकडे देशभरातील विमेदारांच्या हप्त्यांचा पैसा जमा होऊ लागला. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे शेअर सुमारे एक कोटी चोवीस लाख रुपयांना खरेदी केले. गुंतवणूक समितीचा सल्ला आधी घेण्यात आला नव्हता. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी हा प्रश्न लोकसभेत उपस्थित केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. त्याची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली व अवघ्या काही आठवड्यांत अहवाल सादर झाला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

हा व्यवहार कोणाच्या आदेशावरून झाला, हा सुनावणीतील कळीचा मुद्दा होता. मंत्री, अर्थसचिव आणि महामंडळाचे अधिकारी यांच्या साक्षींतून जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकत असल्याचे चित्र दिसले. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, हे तत्त्व आयोगाने स्पष्ट केले. राज्यशास्त्राच्या वर्गात हे तत्त्व शिकविले जाते. वाणिज्याच्या वर्गासाठी मात्र आणखी एक प्रश्न उरतो. वरिष्ठांकडून आलेली सूचना विमेदारांच्या हिताची नाही असे वाटल्यास महामंडळातील अधिकाऱ्याने काय करावयास हवे होते? पदवीधर विद्यार्थी मंत्री होण्याची शक्यता थोडी असते. सूचना मिळणारा अधिकारी होण्याची शक्यता पुष्कळ असते.

१९९२ : प्रचलित पद्धतीचा आधार

एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांच्या वृत्तामुळे रोखे घोटाळा उघडकीस आला. दलाल हर्षद मेहता यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले असले, तरी घोटाळ्याची यंत्रणा एका व्यक्तीपुरती मर्यादित नव्हती. बँका आपसांत सरकारी रोख्यांचे 'रेडी फॉरवर्ड' व्यवहार करीत. म्हणजे रोखे विकून ठरलेल्या मुदतीनंतर ते पुन्हा विकत घेण्याचा करार केला जाई. प्रत्यक्ष रोखे हस्तांतरित न करता विकणारी बँक 'बँक रिसीट' देई. रोखे आपल्याकडे असून ते खरेदीदाराच्या वतीने सांभाळले आहेत, असा या पावतीचा अर्थ असे. कालांतराने रोखे नसतानाही पावत्या दिल्या जाऊ लागल्या आणि दलालांच्या खात्यातून बँकांचा पैसा शेअर बाजारात गेला. जानकीरामन समितीने या व्यवहारांतील तूट सुमारे चार हजार कोटी रुपयांची असल्याचे दाखविले.

ज्या बँकांच्या पोकळ पावत्या या व्यवहारांत वापरल्या गेल्या, त्यांमध्ये मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँक आणि सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडच्या नावाने चालणारी बँक ऑफ कऱ्हाड यांचा समावेश होता. बँक ऑफ कऱ्हाड १९९२ मध्येच अवसायनात निघाली. कऱ्हाडसारख्या गावाची पत एका कागदावर नोंदवून ती मुंबईच्या बाजारात खर्च झाली, असे या घटनेचे वर्णन करता येईल. 'पत' या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकाच वेळी बुडाले.

रोखे व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै १९९१ मध्येच बँकांना सूचना दिल्या होत्या. म्हणजेच नियम अगदीच नव्हते असे नाही. पावतीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला रोखे तिजोरीत नाहीत हे ठाऊक असणे शक्य होते. परंतु सर्वत्र असेच चालते, या समजुतीने त्या सहीला आधार दिला. घोटाळ्यानंतर सेबीचे वैधानिक अधिकार वाढविण्यात आले, विशेष न्यायालय स्थापन झाले, राष्ट्रीय शेअर बाजार आला आणि पुढे रोखे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवले जाऊ लागले. वाणिज्याच्या अभ्यासक्रमातही सेबीचे अधिकार व कार्ये या नावाचे प्रकरण आले. ही भर उपयुक्त होती. मात्र सही करण्यापूर्वी थांबण्याचा तो क्षण प्रश्नपत्रिकेत आला नाही.

सत्यम आणि हार्वर्ड : शिक्षणसंस्थांची परीक्षा

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंप्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हिशेबात पाच हजार कोटींहून अधिक रुपयांची अस्तित्वात नसलेली रोख व बँक शिल्लक दाखविल्याची कबुली दिली. ही कंपनी मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकात समाविष्ट होती आणि २००८ मध्ये तिला उत्तम कंपनी प्रशासनाबद्दलचा पुरस्कार मिळाला होता. स्वतंत्र संचालक, लेखापरीक्षण समिती, आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या जाळ्यातील लेखापरीक्षक अशी सर्व चौकट जागेवर होती. व्यवस्थापनशास्त्राचे नामांकित प्राध्यापकही घोटाळा उघडकीस येण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत संचालक मंडळावर होते. या प्राध्यापकांना अफरातफरीची माहिती होती असे म्हणण्यास आधार नाही. तरीही विषय शिकविणे आणि समोरच्या ताळेबंदाला योग्य प्रश्न विचारणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये आयव्हन बोस्की यांचे आतल्या गोटातील माहितीवर आधारित व्यवहार उघडकीस आले. त्यानंतर १९८७ मध्ये जॉन शाड यांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलला नीतिशिक्षणासाठी दोन कोटी डॉलरची देणगी दिली. शाड हे त्या देशाच्या रोखे नियामक आयोगाचे अध्यक्ष होते. २००१ मध्ये एन्रॉन कंपनी बुडाली. तिचे प्रमुख जेफ्री स्किलिंग याच संस्थेचे १९७९ चे पदवीधर होते. ते नव्या उपक्रमापूर्वीचे विद्यार्थी असल्याने उपक्रम फसला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. पण २००४ मध्ये संस्थेने नेतृत्व व कंपनीचे उत्तरदायित्व या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य केला, यावरून आधीची व्यवस्था तिला स्वतःलाच पुरेशी वाटली नव्हती हे दिसते. २००८ च्या जागतिक संकटानंतर, २००९ मध्ये, तेथील विद्यार्थ्यांनी व्यवस्थापकांसाठी शपथेचा उपक्रम सुरू केला. संकट, नंतर पश्चात्ताप, नंतर नवा अभ्यासक्रम हा क्रम तेथेही आढळतो.

अभ्यासक्रमातील नीतीचे स्थान

भारतात भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २००० नंतरच्या दशकात मधल्या टप्प्यावरील कायद्याच्या विषयात नीतीचा समावेश केला, तेव्हा त्या भागाला शंभरपैकी वीस गुण होते. कंपनी कायदा २०१३ ने लेखापरीक्षकांच्या सक्तीच्या बदलाची आणि कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची तरतूद केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'मूल्य प्रवाह' ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत मूल्यशिक्षणाला श्रेयांक मिळाले. या सर्व पावलांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एक अडचण कायम राहते. मूल्यशिक्षणाच्या तासाला सत्य व सचोटी यांची व्याख्या शिकविली जाते आणि वित्ताच्या तासाला परतावा व जोखीम शिकविली जाते. दोन्ही तासांची विद्यार्थ्याच्या मनात भेट होत नाही.

वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला नीती शिकविता येते काय, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. संस्कार घरात होतात, महाविद्यालयात उशीर झालेला असतो, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या घटनांत मूठभर लोभी माणसांच्या सभोवती अनेक सामान्य, घरी सुसंस्कारित असलेली माणसे होती. त्यांनी चोरी केली नाही. पावती तपासली नाही, टिपणी लिहिली नाही, सभेत प्रश्न विचारला नाही. हे मौन केवळ संस्कारांच्या अभावातून येत नाही. आपल्यासमोर नीतीचा प्रश्न उभा आहे, हे न ओळखल्यामुळेही ते येते. तो ओळखण्याची सवय लावणे हे वर्गाचे काम आहे.

यासाठी वर्गात इतिहासाचा वापर पुढीलप्रमाणे करता येईल. मुंदडा प्रकरणातील किंवा १९९२ मधील एखादा व्यवहार घेऊन त्यातील प्रत्येक पदावरील व्यक्तीला त्या तारखेस काय माहीत होते, याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. परिणाम आधीच ठाऊक असल्याने निवाडा सोपा वाटतो. म्हणून त्या दिवशीची माहिती वेगळी काढणे अगत्याचे आहे. त्यानंतर त्या पदावरून कोणता प्रश्न विचारता आला असता, तो लेखी टिपणीच्या स्वरूपात लिहावयास सांगावा. तिसरी पायरी स्थानिक आहे. महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक तालुक्यात नागरी सहकारी बँक अथवा पतसंस्था आहे. तिचा वार्षिक अहवाल सभासदांना उपलब्ध असतो. संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे, थकबाकीचे प्रमाण, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि दोषदुरुस्तीचा अहवाल हे तपशील विद्यार्थ्याने वाचावयास शिकले पाहिजे. त्याच्या घरची ठेव बहुधा त्याच संस्थेत असते.

हा शेवटचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एकाच गृहनिर्माण समूहाला दिलेली कर्जे लपविण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचे आरोप पुढे आले. ही खाती संगणकात भरणारे, त्यांचे विवरणपत्र तयार करणारे आणि ते तपासणारे हात शिकलेलेच होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्यात आली. याही वेळी कायद्याने आपली भर घातली.

समारोप

१८६३ च्या कायद्यापासून २०२० च्या ठेवविम्यापर्यंतचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, प्रत्येक संकटानंतर नियमांची चौकट अधिक भक्कम झाली आणि वाणिज्य शिक्षणाने त्या नियमांना पाठ्यक्रमात स्थान दिले. तथापि पुढील संकट बहुधा अशाच जागी उद्भवले, जेथे नियम मौन होता, किंवा नियम असूनही प्रचलित पद्धतीने त्यावर मात केली होती. त्या जागी उपयोगी पडणारा विवेक पाठांतराने येत नाही. तो प्रत्यक्ष घटनांच्या बारकाईने केलेल्या अभ्यासातून हळूहळू घडतो.

वाणिज्य विद्याशाखेकडे अशा घटनांची वाण नाही. त्या दूरदेशीच्या पाठ्यपुस्तकांतून शोधण्याची आवश्यकताही नाही. मुंबईचा बाजार, कऱ्हाडची बँक आणि गावची पतसंस्था यांच्या दप्तरांत त्या नोंदलेल्या आहेत. हा इतिहास हिशेबशास्त्राच्या आणि बँकव्यवहाराच्या तासालाच शिकविला गेला, तर 'पत' या शब्दाचे दुभंगलेले दोन अर्थ विद्यार्थ्याच्या मनात पुन्हा जवळ येऊ शकतील. उद्या एखाद्या शाखेत त्याच्यासमोर सहीसाठी कागद येईल. तिजोरीत रोखे आहेत काय, एवढे विचारण्याचे धैर्य त्याला झाले, तरी या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.